क्लास संपल्यावर सराव कशावर करायचा? बेसिक कॉम्प्युटर शिकवणाऱ्यांना खुलं पत्र

नमस्कार मंडळी,

नोकरी शोधणाऱ्या लोकांना बेसिक कॉम्प्युटर शिकवणाऱ्या सगळ्यांसाठी हे पत्र. तुम्ही संस्था चालवत असाल, एखाद्या योजनेतलं सेंटर चालवत असाल, लायब्ररीतल्या चार मशीनवर शिकवत असाल नाहीतर नुसती देणगी देऊन लांबून बघत असाल, सगळेच आलात यात. मी पण तुमच्यातलाच, बरीच वर्षं संध्याकाळची बॅच घेतो, आणि सुरुवातीला मी अगदी तेच करत होतो जे आज तुमच्यातले बरेच जण करतायत, त्यामुळे हे शहाणपण शिकवायला लिहिलंय असं समजू नका, उशिरा डोक्यात प्रकाश पडलेल्या माणसाची बडबड समजा.

झालं असं की माझ्या एका बॅचमध्ये एक ताई होत्या, पंधरा वर्षं घर सांभाळून आता परत कामाला लागायचं म्हणून आलेल्या. बॅचमध्ये एक नंबर. टायपिंग बरं, एक्सेलमध्ये बेरजा, टक्के, फिल्टर सगळं जमायला लागलेलं. क्लास संपला, सर्टिफिकेट दिलं, फोटो काढला, टाळ्या वगैरे. अडीच महिन्यांनी एका ऑफिसात डेटा एंट्रीच्या टेस्टला बोलावलं तर ताई कॉलमची रुंदी वाढवायची कशी तेच विसरल्या आणि टेस्ट गेली. मला भेटल्यावर म्हणाल्या, "सर, क्लास संपल्यापासून कीबोर्डला हातच लागला नाही हो." घरी भावाचा जुना लॅपटॉप होता की. पण त्यात जे पैसे देऊन घ्यायचं एमएस ऑफिस (वर्ड, एक्सेल वगैरे) होतं त्याची ट्रायल संपलेली, फाईल उघडायची पण एक अक्षर लिहू द्यायचं नाही, मग भाच्याने कुठूनतरी क्रॅक (लायसन्स चुकवायचा चोरटा प्रोग्राम) आणून टाकला आणि त्यातून असा काही व्हायरस आला की लॅपटॉपच झोपला.

भाच्याला शिव्या देऊन मोकळं होता आलं असतं, पण खरं बघितलं तर चूक माझी होती. मी त्यांना एक असं सॉफ्टवेअर शिकवलं जे फक्त माझ्या क्लासरूममध्ये होतं. दार बंद झालं की सराव बंद. आणि कॉम्प्युटर ही काय ऐकून कळायची गोष्ट आहे का, ती हाताला बसावी लागते, पोळी लाटायला किंवा सायकल चालवायला बसते तशी.

त्यानंतर मी हळूहळू सगळं मुक्त सॉफ्टवेअरवर आणलं. इथे एक शब्दाची गंमत सांगतो. इंग्रजीत 'फ्री' म्हटलं की फुकट की मोकळं हा घोळ चाळीस वर्षं चाललाय, आपल्याकडे 'फुकट' आणि 'मुक्त' असे दोन स्वच्छ शब्द आहेत तरी आपण घोळ घालतोच. रिचर्ड स्टॉलमन या प्रोग्रामरने १९८३ साली ग्नू नावाचा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रोजेक्ट जाहीर केला तेव्हापासूनची ही कल्पना आहे, की वापरणाऱ्याला चार मोकळिकी पाहिजेत: कुठल्याही कामासाठी वापरायची, आतून कसं चालतं ते बघून बदलायची, कॉपी दुसऱ्याला द्यायची आणि बदललेली कॉपी पण द्यायची. (मोजणी शून्यापासून सुरू होते, प्रोग्रामर लोकांचा चावटपणा.) तत्त्वज्ञान म्हणून वाचलं तर हे जरा लांबचं वाटतं, पण क्लासवाल्या माणसाच्या कामाची त्यातली कॉपी देण्याची मोकळीक आहे. म्हणजे मी पेनड्राइव्हवर इन्स्टॉलर टाकून ताईंना देऊ शकतो, ताई शेजारणीला, शेजारीण तिच्या मुलाला, आणि यात कुठेही चोरी नाही, कुणाची परवानगी नाही, तीस दिवसांनी बंद पडणं नाही. जे 'फुकट' आहे पण मुक्त नाही, म्हणजे अमुक महिने फ्री, घरगुती वापराला फ्री, विद्यार्थ्यांना फ्री, तिथे हे असं बिनधास्त करता येत नाही. नोकरी शोधणारा चाळिशीचा माणूस विद्यार्थी पण नसतो आणि कंपनी पण नसतो, तो कुठल्याच सवलतीत बसत नाही.

आता तुमच्यातल्या निम्म्या लोकांनी 'हा लिनक्सचा (विंडोजच्या जागी चालणाऱ्या मुक्त सिस्टिमचा) प्रचार करायला आलाय' म्हणून कपाळाला हात लावला असेल. थांबा. सुरुवात लिनक्सपासून करायचीच नाही. घरी विंडोज असलेल्या माणसाला विंडोजवरच लिबरऑफिस (वर्ड-एक्सेलसारखी कामं करणारं मुक्त सॉफ्टवेअर) टाकून द्या, फायरफॉक्स ब्राउझर द्या, व्हिडिओ बघायला व्हीएलसी द्या, बास. लिबरऑफिसचा इन्स्टॉलर साडेतीनशे एमबीच्या आसपास आहे, एकदा डाउनलोड करून पेनड्राइव्हवर ठेवला की अख्ख्या बॅचला पुरतो, कुणाचा मोबाईल डेटा जाळायला नको. ज्याच्याकडे स्वतःचं मशीन नाही, जो नातेवाइकाच्या नाहीतर लायब्ररीच्या कॉम्प्युटरवर बसतो, त्याच्यासाठी पोर्टेबल आवृत्ती मिळते, ती इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच चालते (काही ठिकाणी पेनड्राइव्ह लावूच देत नाहीत, तिथे इलाज नाही). आणि कुणाला वाटत असेल की हे हौशी पोरांचं खेळणं आहे तर तसं नाही, स्टारऑफिस नावाच्या जुन्या प्रोग्रामचा कोड सन कंपनीने २००० साली खुला केला, त्याचं ओपनऑफिस झालं, आणि २०१० मध्ये त्यातल्या बऱ्याच लोकांनी वेगळं होऊन लिबरऑफिस काढलं. भरपूर पावसाळे बघितलेला माल आहे. मेनू शंभरावर भाषांमध्ये मिळतात, मराठीत पण, जरी मी स्वतः मेनू इंग्रजीच ठेवतो कारण टेस्टला बसल्यावर समोर बहुतेक वेळा इंग्रजीच असतो.

लिनक्स येतं ते जुन्या मशीनच्या वेळी. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची एक चिप) आणि ठरावीक प्रोसेसर लागतो म्हणून कितीतरी चांगली चालणारी मशीन ऑफिसांमधून बाहेर पडतायत. ती मागून घ्या. हार्ड डिस्क काढून छोटी एसएसडी (जास्त वेगवान डिस्क) टाका, चार जीबी रॅम असली तरी लिनक्स मिंटची (लिनक्सचा एक सोपा प्रकार) एक्सएफसीई नावाची हलकी आवृत्ती त्यावर नीट चालते, आणि खाली टास्कबार, डाव्या कोपऱ्यात मेनू असल्यामुळे शिकणाऱ्याला फारसं वेगळं वाटत पण नाही. टाकायच्या आधी पेनड्राइव्हवरून नुसतं चालवून बघता येतं, वायफाय, आवाज, प्रिंटर चालतो का ते. प्रिंटरचं मात्र आधीच बघा, माझा एक पूर्ण शनिवार एका प्रिंटरने खाल्लाय आणि शेवटी तो चाललाच नाही, दुसरा मागून आणला.

बरं, आता मुख्य आक्षेप. "जाहिरातीत एमएस ऑफिस लिहिलेलं असतं, तुम्ही लिबरऑफिस शिकवून पोरांचं नुकसान करताय." हा आक्षेप खरा आहे आणि मी त्याला उडवून लावणार नाही. जाहिरातीत तेच लिहिलेलं असतं, टेस्ट पण बऱ्याचदा त्याच्यावरच असते. पण आपण नक्की शिकवतो काय ते बघा ना. बटण शिकवतो की काम शिकवतो? ज्यांनी बटणं पाठ केली होती त्यांचं २००७ ला काय झालं आठवा, ऑफिस २००७ आलं, मेनू जाऊन रिबन (वरची बटणांची पट्टी) आला आणि वर्षानुवर्षं काम करणारे लोक 'फाईल कुठे गेली' करत बसले. तेच ब्रँड, तीच कंपनी. ज्यांना माहीत होतं की मला हेडिंगला स्टाईल द्यायची आहे, टेबलची पहिली ओळ प्रत्येक पानावर यायला पाहिजे, ते दोन दिवसांत रुळले कारण त्यांना काय शोधायचं ते माहीत होतं. बाकीचे चिठ्ठी लिहून मॉनिटरला चिकटवत बसले.

आणि फरक तरी किती आहे. कंट्रोल सी, कंट्रोल व्ही, कंट्रोल झेड, कंट्रोल एस, कंट्रोल पी तेच. बेरजेचं सूत्र तेच, सम, अ‍ॅव्हरेज, इफ, काउंटइफ, व्हीलुकअप तेच, डॉलर लावून सेल फिक्स करायची पद्धत तीच, सॉर्ट फिल्टर तेच, पिव्होट टेबल आहे. दिसायला पण जवळपास तसंच पाहिजे असेल तर व्ह्यू मेनूत युझर इंटरफेस म्हणून आहे, तिथे टॅब्ड निवडा, रिबनसारख्या पट्ट्या येतात. मी काय करतो, पूर्ण कोर्स लिबरऑफिसवर घेतो आणि शेवटचे तीन-चार दिवस तीच कामं एमएस ऑफिसवर करायला लावतो, सेंटरमध्ये दोन मशीनवर ते रीतसर घेतलेलं आहे, आणि ब्राउझरमध्ये फुकट अकाउंटवर चालणारं पण आहे. "ही फाईल, हेच काम, आता इथे करा." पहिल्या दहा मिनिटांत कुरकुर, अर्ध्या तासात शोधाशोध, आणि संध्याकाळपर्यंत बहुतेकांना कळलेलं असतं की अरे हे तर तेच आहे. दोन प्रोग्राम बघितलेला माणूस तिसऱ्याला घाबरत नाही हा मला अपेक्षित नसलेला फायदा झाला. रिझ्युमेवर मग ते दोन्ही नावं लिहितात आणि ते खोटं नसतं.

जिथे खरंच फरक आहे तिथे पण बोलतो. मॅक्रो (फाईलमध्ये लिहून ठेवलेली आपोआप चालणारी कामं) जसेच्या तसे चालतीलच असं नाही, मेल मर्जची (एकच पत्र अनेक नावांनी काढायची) वाट वेगळी आहे, आणि गुंतागुंतीची फाईल इकडून तिकडे नेली की सरकते. हिशेबाची तयार पॅकेजेस जिथे लागतात तिथे ती पॅकेजच शिकवावी लागतात, त्याला मुक्त पर्याय देऊन नोकरी मिळत नाही. हे शिकणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात सांगून टाका, लपवू नका.

आणि एक चूक माझी, जी तुम्ही करू नका. लिबरऑफिस आपोआप सेव्ह करतं ओडीटी फॉरमॅटमध्ये. चांगला फॉरमॅट आहे, २००६ पासून आयएसओ म्हणजे आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड आहे, वर्डमध्ये पण उघडतो. मी तत्त्वाचा माणूस, म्हटलं हाच वापरायचा. एका मुलाने रिझ्युमे तसाच पाठवला, समोरच्याने मोबाईलवर उघडायचा प्रयत्न केला, उघडला नाही, 'फाईल करप्ट आहे, परत पाठवा' असा मेल आला आणि तो मुलाने बघितला चार दिवसांनी. जागा भरलेली. मला इतकी लाज वाटली म्हणून सांगू. फॉरमॅटची लढाई आपण आपल्या मीटिंगांमध्ये लढू, बेकार पोराच्या अर्जावरून नको. तेव्हापासून सगळ्या मशीनवर टूल्स, ऑप्शन्स, लोड/सेव्ह, जनरल इथे जाऊन डीफॉल्ट वर्डचा फॉरमॅट करून ठेवतो, आणि दर वेळी 'हाच फॉरमॅट ठेवायचा का' म्हणून जी खिडकी उघडते, जिला बघून लोक घाबरून काहीही दाबतात, ती पण तिथेच बंद करता येते.

रिझ्युमे पाठवायचा तो मात्र पीडीएफ करूनच, ते बटण वरच असतं. कारण फॉन्ट. शिकणाऱ्याने कॅलिब्री नावाने लिहिलेलं असतं पण मशीनवर कॅलिब्री नसतोच, त्याच्या जागी कार्लिटो येतो, जो मुद्दाम कॅलिब्रीच्याच मापाचा बनवलाय, अक्षराची रुंदी तीच, त्यामुळे ओळी तुटत नाहीत. कॅम्ब्रियाला कॅलाडिया, एरियल आणि टाइम्स न्यू रोमनला लिबरेशनचे फॉन्ट. हे फॉन्ट मशीनवर आहेत का ते आधी तपासा, नसतील तर एका पानाचा रिझ्युमे समोरच्याकडे दीड पानाचा होतो आणि नेमका फोन नंबर दुसऱ्या पानावर जातो. आणि एखाद्या साइटने वर्डचीच फाईल मागितली तर पाठवायच्या आधी एकदा दुसऱ्या मशीनवर उघडून बघायची सवय लावा.

खरं सांगायचं तर मी इतका वेळ ऑफिसबद्दल बोलतोय पण माझ्या क्लासमधला सगळ्यात जास्त वेळ ऑफिसवर जातच नाही. तो जातो फाईल आणि फोल्डरवर. हल्ली येणारी तरुण पोरं फोनवर वाघ असतात, व्हिडिओ एडिट करतील, पैसे पाठवतील, पण 'ती फाईल कुठे आहे' विचारलं की म्हणतात 'अ‍ॅपमध्ये'. फाईल एक वस्तू आहे, ती कुठेतरी ठेवलेली असते, तिचं नाव बदलता येतं, एकाच नावाच्या दोन असू शकतात, डाउनलोड केलेली डाउनलोड्समध्ये पडते, हे त्यांना कधी लागलेलंच नाही. याउलट कारखान्यात स्टोअर सांभाळलेला एक पन्नाशीचा गडी होता, त्याला माऊस धरता येत नव्हता पण फोल्डर म्हटल्यावर लगेच, "म्हणजे रॅक, त्यात खण, त्यात माल," असं म्हणून मोकळा. त्याचंच उदाहरण मी आता सगळ्यांना देतो. माऊसच्या सरावाला पत्त्यांचा सॉलिटेअर बरा. जीकॉम्प्री नावाचं खेळांचं सॉफ्टवेअर पण आहे, चांगलं आहे, पण ते लहान मुलांसाठी आहे, मोठ्या माणसासमोर बदकं नाचायला लागली की त्याचा अपमान होतो, मी एकदा करून बघितलंय.

टायपिंगच्या सरावाला क्लाव्हारो किंवा केटच, दोन्ही मुक्त प्रोग्राम. रोज पंधरा मिनिटं, क्लासच्या सुरुवातीला, कुणी उशिरा आलं तरी त्याचं फार काही बुडत नाही. मग अर्ज भरताना जे खरंखुरं लागतं ते: फोटो अमुक केबीच्या आत बसवणं (गिंप या फोटोच्या मुक्त प्रोग्राममध्ये स्केल इमेज आणि एक्सपोर्ट करताना क्वालिटी कमी करणं, दोन स्टेप), तीन सर्टिफिकेटांचे पीडीएफ जोडून एक करणं, त्याला पीडीएफ अरेंजर नावाचं साधं टूल आहे, मेलला अटॅचमेंट खरंच लागली का ते पाठवायच्या आधी बघणं, पासवर्ड वहीच्या शेवटच्या पानावर न लिहिता कीपासएक्ससी या पासवर्डच्या कुलूपबंद तिजोरीत ठेवणं, आणि 'तुमची निवड झाली आहे, रजिस्ट्रेशन फी भरा' असा मेल आला की त्या कंपनीची साइट स्वतः शोधून खात्री करणं. यातलं बरंचसं कुठल्या ब्रँडवर अवलंबूनच नाही. आणि आपल्या अभ्यासक्रमात काय असतं, कॉम्प्युटरचा जनक कोण, कॉम्प्युटरच्या पिढ्या किती, वर्डआर्ट, आणि स्लाइड गिरक्या घेत कशी आणायची. कुठल्या मुलाखतीत विचारतात हो हे?

अजून एक गोष्ट जी मला फार उशिरा कळली. डोळ्यांनी न दिसणारा एक जण क्लासला आला तेव्हा मी त्याला परत पाठवणार होतो, कारण स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचं वाचून दाखवणारे प्रोग्राम) महाग असतात एवढंच माहीत होतं. त्यानेच मला एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर सांगितला. विंडोजवर चालतं, मुक्त आहे, आणि मायकल करन नावाच्या माणसाने, जो स्वतः अंध आहे, २००६ मध्ये ते सुरू केलं. त्या मुलाच्या खिशातल्या पेनड्राइव्हवर ते होतं, कुठल्याही मशीनवर लावायचा आणि सुरू. म्हणजे मी जे ताईंसाठी शोधत होतो ते त्याच्या खिशात आधीपासून होतं. निदान एका मशीनवर टाकून ठेवा आणि हेडफोन ठेवा, माणूस दारात आल्यावर शोधाशोध नको.

तर मागणं काय आहे माझं. एक तर सर्टिफिकेटवर आणि अभ्यासक्रमात प्रॉडक्टचं नाव लिहायच्या जागी कामाचं लिहा, पत्र तयार करता येतं, हिशेबाचा तक्ता करता येतो, ऑनलाइन अर्ज भरता येतो. पैसे देणाऱ्यांनी लायसन्सवरचा वाचलेला पैसा दुसरीकडे पळवू नये, तो शिकवणाऱ्याच्या मानधनात आणि संध्याकाळी लॅब दोन तास जास्त उघडी ठेवण्यात घालावा, कारण घरी मशीन नसलेल्याला पेनड्राइव्ह देऊन काय उपयोग, त्याला खुर्ची पाहिजे. आणि हे फुकटात होतं असं कुणाला सांगू नका. सॉफ्टवेअरला पैसे नाहीत पण कुणीतरी एक माणूस लागतो जो बसून सगळी मशीन लावेल, अडलं की फोरमवर जाऊन शोधेल, व्हेयॉन नावाचा प्रोग्राम टाकून सगळ्यांच्या स्क्रीन एका जागी बसून बघता येतील असं करून देईल. असा माणूस नसेल तर घाई करू नका, आधी दोन मशीनवर करून बघा. शिकवणाऱ्यांचा विरोध पण होणार, त्यांना स्वतःला परत शिकावं लागतं ना, त्यांना महिनाभर वेळ द्या, वरून हुकूम काढला की ते गुपचूप जुनंच शिकवतात. मी पण शिकवलं असतं.

नोट्स आपण सगळेच वेगवेगळ्या लिहीत बसतो, त्याच त्या स्क्रीनशॉटसकट. माझ्या नोट्स मी क्रिएटिव्ह कॉमन्स या मोकळ्या लायसन्सखाली मोकळ्या करतोय, घ्या, चुका काढा, बदला, पुढे द्या, फक्त बदललेल्या पण तशाच मोकळ्या ठेवा.

ताईंचं राहिलंच. लॅपटॉप पुसून त्यावर मिंट टाकून दिलं, रोज रात्री जेवणं झाल्यावर अर्धा तास बसतात, बचत गटाचा हिशेब आता त्यांच्याकडेच आहे. परवा दुसरीकडे टेस्ट देऊन आल्या, निकाल यायचाय. मला म्हणाल्या, "सर, हे पहिल्याच दिवशी द्यायचं ना." त्यांचं बरोबर आहे, मी पेनड्राइव्ह सर्टिफिकेटबरोबर शेवटच्या दिवशी वाटायचो. पुढच्या बॅचपासून पहिल्या दिवशी, हजेरीच्या आधी.

तुमचाच,
संध्याकाळच्या बॅचचा एक मास्तर